चेहऱ्याखालचं नाव

आमच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे 'पुन्हाबाई' म्हणत. मूल चित्र घेऊन टेबलाशी गेलं की बाई चष्म्याच्या वरून आधी चित्राकडे, मग मुलाकडे बघत आणि म्हणत, "पुन्हा बघ." पुन्हा काढ असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. छान, शाब्बास, वा हे शब्द तर त्यांच्याकडे नव्हतेच. एकदा दुसरीतल्या एका मुलाने धीर करून विचारलं, "बाई, चांगलं आहे का?" बाई म्हणाल्या, "मला काय विचारतोस? ज्याचं काढलंयस ते मांजर काय म्हणेल?" मुलगा मांजराला विचारायला खरंच घरी घेऊन गेला ते चित्र.

पुन्हाबाई फारशा कुणाला आवडत नसत. शिक्षकांना नाही, कारण त्यांच्या तासानंतर मुलं पुढच्या वर्गात ओले हात घेऊन येत. शिपायाला नाही, कारण जिन्याखालच्या त्यांच्या खोलीतल्या मोरीत नेहमी रंगाचा राडा असे. "बाई, ही मोरी आहे की डबकं?" तो विचारी. "डबक्यात बेडूक असतात. इथे तुम्ही एकटेच ओरडताय," बाई सांगत. मलाही सुरुवातीला त्यांची धास्तीच वाटे. मी चौथीला शिकवत होते. पुढे माझा त्यांच्यावर जीव जडला, पण त्यात त्यांचा काही हात नव्हता.

त्यांचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवत. शाळा सुटली की ही मुलगी वडिलांच्या शिडीखाली रंगाचा डबा धरून उभी राही. अक्षर तिथेच वळणदार झालं, जीभही तिथेच. पुढे लग्न झालं, नवरा लवकर गेला, आणि घरात उरल्या सासू-सून. दोघी एकमेकींना सोडून कुठे गेल्या नाहीत आणि भांडल्याशिवाय एक दिवस राहिल्या नाहीत. मी एकदा त्यांच्या घरी गेले, तर दारातच सासूबाई म्हणाल्या, "या, या. आमच्या हिच्याकडे शाळेतलं माणूस कधी येत नाही. वाट चुकलात का?" आतून बाई ओरडल्या, "आई, आधी पाणी द्या त्यांना. माझी अब्रू नंतर काढा."

शाळा सरकारी, प्राथमिक. गावात कारखाने आल्यापासून चारी दिशांनी माणसं आली होती आणि त्यांची मुलं आमच्याकडे. एकेका वर्गात पाच-सहा भाषा. डबे वेगळे, देव वेगळे, केस बांधायच्या तऱ्हा वेगळ्या. पुस्तकांत लिहितात तसं हे सगळं गोडीगुलाबीने चाले असं नाही. मधल्या सुट्टीत मुलं आपापल्या भाषेचा घोळका करून बसत आणि दुसऱ्या घोळक्याकडे बघून हसत. फाटकाबाहेर आईबापही तसेच उभे राहत, फक्त हसत नसत.

पुन्हाबाईंनी त्या वर्षी माझ्या चौथीला चेहरे काढायला घेतले. प्रत्येकाने शेजाऱ्याचा चेहरा काढायचा. शेजारी कोण, ते बाई ठरवणार. त्यांनी मुद्दाम अशा जोड्या लावल्या की जे एकमेकांकडे कधी बघत नाहीत ते समोरासमोर यावेत.

"का हो?" मी विचारलं.

"मैत्रिणीचा चेहरा कुणी बघत नाही. पाठ असतो," त्या म्हणाल्या. "नावडत्या माणसाकडे बघावं लागतं."

सुरुवात कानापासून. कान हा त्यांच्या मते चेहऱ्यावरचा एकमेव भाग, ज्यावरून कुणी कुणाला चिडवत नाही. नाकापासून सुरू केलं तर पहिल्याच दिवशी मारामारी. म्हणून एक अख्खा आठवडा सगळा वर्ग एकमेकांचे कान बघत बसला. मग भुवया, मग कपाळ, आणि अगदी शेवटी नाक नि ओठ. तोवर मुलांना बघायची सवय लागलेली असे आणि चिडवायचं राहून जाई.

रंगाची पद्धत त्यांनी वडिलांकडून घेतली होती. जुन्या पाटीवरचं एखादं अक्षर उडालं की वडील नवा रंग कालवत आणि त्याचा ठिपका जुन्या रंगावर लावून बघत. ठिपका दिसेनासा झाला की रंग जमला. बाई मुलांना तेच सांगत. पिवळा, लाल, थोडा निळा घ्या, कालवा, शेजाऱ्याच्या मनगटावर एक ठिपका लावा. दिसतोय? मग पुन्हा. दिसत नाही? मग चेहऱ्याला लावा. डब्यातला तयार 'अंगाचा रंग' नावाचा फिकट गुलाबी खडू त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून काढून घेतला. "हा कुणाच्या अंगाचा? डुकराच्या पिलाच्या," म्हणाल्या. मुलं हसून लोटपोट. आणि मग महिनाभर मुलं मनगटांवर तपकिरी, गव्हाळ, काळपट, पिवळसर ठिपके घेऊन घरी जात राहिली. तिथेच पालकांची कुरबूर सुरू झाली होती.

जोड्यांतली एक जोडी दातांच्या डॉक्टरांच्या मुलीची आणि टायरवाल्याच्या मुलीची. डॉक्टरांचा दवाखाना मोठ्या रस्त्यावर, ते शाळा समितीवरही होते. मुलगी फिकी, बारीक, ओठ कायम मिटलेले. टायरवाला त्याच रस्त्याच्या टोकाला पंक्चर काढी. चार वर्षांपूर्वी दूरवरून आलेला, जुजबी भाषा शिकलेला. त्याची मुलगी दणकट, काळी, पसरट नाकाची, एका भुवईत पडल्याची खूण, समोरच्या दोन दातांत फट. पहिले तीन दिवस दोघी एकमेकींच्या कानाकडे रागाने बघत होत्या. चौथ्या दिवशी डॉक्टरांची मुलगी बाईंना येऊन म्हणाली, "बाई, तिच्या कानाला आत आणखी एक छोटा कान आहे." बाई म्हणाल्या, "मग काढ की."

महिन्याच्या शेवटी पालकसभा होती. बाईंनी सगळी चित्रं लांब व्हरांड्याच्या भिंतीवर ओळीने लावली आणि प्रत्येकाखाली आपल्या सुबक अक्षरात मुलाचं नाव रंगवलेली पट्टी चिकटवली. ज्याने चित्र काढलं, त्याचं नाव. त्यांना यात दुसरा काही विचारच शिवला नाही.

सभा चारला होती. साडेतीनलाच व्हरांड्यात आवाज चढलेला ऐकू आला. मी धावत गेले तर डॉक्टर एका चित्रापुढे उभे, कानापर्यंत लाल.

"ही माझी मुलगी? हे?" ते मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, विचारत होते. "हे नाक बघा! कुणी ठोसा मारून बसवलंय का? हे दात! मी दातांचा डॉक्टर आहे हो, माझ्या मुलीला हे दात? आणि हा रंग! डांबर ओतलंय तोंडावर! कुठल्या झोपडीतून उचलून आणल्यासारखी दिसतेय ही!"

चित्राखाली त्यांच्या मुलीचं नाव होतं. चित्र तिने काढलेलं होतं.

त्यांच्या मागे टायरवाला उभा होता. कामावरून तसाच आलेला, हात धुतलेले, नखं काळीच. तो पुढे झाला आणि चित्राच्या भुवईवरच्या खुणेवर बोट ठेवून म्हणाला, "डॉक्टर, ही माझी मुलगी आहे."

डॉक्टरांनी पट्टीवरचं नाव पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "मग माझ्या मुलीचं नाव का हिच्याखाली?"

"मला काय माहीत? माझ्या मुलीचं नाव तिकडे," टायरवाल्याने दुसऱ्या चित्राकडे हात केला. "ती तर आठवडाभर जेवली नाही अशी दिसतेय. मी काही बोललो? मला वाटलं, बाईंना येत नसेल शिकवायला."

"जेवली नाही म्हणजे? ती माझी मुलगी आहे!"

"मग जेवायला घाला तिला."

आता सगळा व्हरांडा पेटला. जो तो आपल्या मुलाचं नाव शोधून त्यावरच्या परक्या चेहऱ्याकडे बघत होता. "हा चपटा कोण?" "चपटा कुणाला म्हणता? तो आमचा!" "आमच्या मुलाचे डोळे असे मिचमिचे आहेत का?" "मिचमिचे तुमचे!" एका आजीने तर काठीनेच एक पट्टी उपटली. लोकांनी एकमेकांबद्दल आजवर घरात, आपापल्या भाषेत जे काय म्हटलं असेल, ते आता सगळ्यांना कळेल अशा भाषेत, त्याच माणसांच्या तोंडावर म्हटलं जात होतं.

पुन्हाबाई हात पुसत जिन्याखालून आल्या. काय झालंय ते कळायला त्यांना थोडा वेळ लागला.

"अहो, नाव काढणाऱ्याचं असतं!" त्या ओरडल्या. "पाटीच्या कोपऱ्यात रंगाऱ्याचं नाव लिहितात, तसं!"

"फोटोखाली ज्याचा फोटो त्याचं नाव असतं!" डॉक्टर म्हणाले.

"हा फोटो आहे का?"

"नाहीच! फोटोत माणूस माणसासारखा दिसतो!"

त्यावर पुन्हाबाई जे बोलल्या ते बोलायला नको होतं. "तुम्ही माणूस बघून बोलला असतात तर नावाची गरज पडली नसती," त्या म्हणाल्या. "स्वतःची मुलगी ओळखू येत नाही, आणि आलेत चुका काढायला."

पालकसभा झालीच नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी त्यांना बोलावलं. मला साक्षीदार म्हणून बसवलं. मोठ्या बाई वाईट नव्हत्या, फक्त थकलेल्या होत्या. म्हणाल्या, "चित्रं उतरवा. पालकांची माफी मागा. पुढल्या वर्षी फुलं, पानं, डोंगर. चेहरे नकोत."

"पट्ट्यांची माफी मागते. चूक माझी. चित्रं उतरवणार नाही."

"बाई, तुमची नेमणूक दर वर्षी नवी होते, माहीत आहे ना? शनिवारी समिती आहे. सोमवारी ती भिंत कोरी दिसली नाही, तर जूनमध्ये तुम्ही येऊ नका असं मला सांगावं लागेल. मला सांगायला लावू नका."

"डोंगर इथे कुठे आहेत?" पुन्हाबाई म्हणाल्या. "मुलांनी न बघितलेली वस्तू कशी काढायची? शेजारी बसलेलं पोर तेवढं खरं आहे त्यांच्याकडे. तेही काढून घेता?"

मोठ्या बाईंनी हात जोडले. "सोमवार," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हाबाईंच्या घरी गेले. सासूबाईंना सगळं कळलेलं होतं. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "माफी मागून टाक म्हणते मी. तुझं नाक झिजेल तेवढं." बाई म्हणाल्या, "आई, तुमची कधी मागितली का?" "माझी गोष्ट वेगळी. मी तुला काढू शकत नाही." हे बोलताना म्हातारीने निवडलेलीच भाजी पुन्हा निवडायला घेतली, आणि मला कळलं की दोघी घाबरल्या आहेत. शाळेतली नोकरी सुटली तर बाईंना दिवसभर घरात बसावं लागलं असतं. पाट्या आता मशीनवर छापून येत. हाताने रंगवून घेणारं कुणी उरलं नव्हतं.

शुक्रवारी चित्रकलेच्या तासाला टायरवाल्याची मुलगी जागेवरून उठेना. व्हरांड्यातलं तिने सगळं ऐकलं होतं. बाई तिच्या बाकाशी जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, डोक्यावर हात ठेवतील. नाही ठेवला.

"माझं नाक तसंच आहे का?" मुलीने विचारलं.

"तसंच आहे," बाई म्हणाल्या. "तिने नीट बघितलंय. कुणाचंही नाक इतकं नीट बघत नाही कुणी. उठ, ब्रश धू."

मुलगी उठली. शेजारी डॉक्टरांची मुलगी पाण्याचा डबा घेऊन उभी होती. दोघींनी पाणी एकाच डब्यातलं वापरलं.

शनिवारी समिती माझ्याच वर्गात बसली. मोठी माणसं चौथीच्या बाकांवर गुडघे वर करून बसलेली. डॉक्टर होते. पालकांपैकी बोलायला टायरवाल्याला बोलावलं होतं. मुलं बाहेर मैदानात खेळत होती. पुन्हाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

गंमत अशी की त्या दोघांचं एकमत होतं. डॉक्टर म्हणाले, चित्रं उतरवा. टायरवाला म्हणाला, उतरवा. "माझ्या मुलीचं तोंड मी भिंतीवर ठेवणार नाही. येणारा-जाणारा हसतो." डॉक्टर म्हणाले, "बघा. यांनाही नको आहे." टायरवाला त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "तुम्हाला नको म्हणून मला नको, असं नाही. माझं कारण वेगळं."

"कारण काहीही असो. ठराव करा," डॉक्टर म्हणाले.

मोठ्या बाई लिहायला लागल्या. टायरवाला उठला आणि म्हणाला, "मग मी माझी आता घेऊन जातो." तो व्हरांड्यात गेला आणि भुवईवर खूण असलेलं चित्र टाचण्या काढून हळूच सोडवायला लागला. आम्ही सगळे मागून गेलो.

तेवढ्यात मैदानातून डॉक्टरांची मुलगी धावत आली. बारीकशी मुलगी, पण तिने टायरवाल्याच्या हातातल्या कागदाची दुसरी कड पकडली. "माझं आहे!" ती म्हणाली. त्या मुलीचा एवढा मोठा आवाज मी चार वर्षांत ऐकला नव्हता. "मी काढलंय! कान मी काढला! रंग मी केला!"

"पण चेहरा माझ्या मुलीचा आहे ना, बाळ," टायरवाला गोंधळून म्हणाला.

"काढला मी!"

त्याची मुलगीही मागोमाग आली होती. ती बापाच्या बाजूला उभी राहिली. "अप्पा, ते मी आहे," ती म्हणाली. "ती काढताना मी हललेसुद्धा नाही. मान दुखली माझी. अर्धं माझं आहे."

कागद दोन हातांत ताणला गेला. डॉक्टर बघत होते. तीन दिवसांपूर्वी ज्याला त्यांनी काय काय म्हटलं ते चित्र, आणि त्याला लटकलेली त्यांची मुलगी. मग ते पुढे झाले आणि म्हणाले, "हे बघा, सोडा ते. फाटेल. माझ्या मुलीची मेहनत आहे त्यात."

"आत्ता मेहनत झाली?" टायरवाला म्हणाला. "परवा डांबर होतं."

"ते... ते परवाचं परवा. चित्र माझ्या मुलीचं आहे. ती घरी नेईल."

"तुमच्या घरात माझी मुलगी टांगणार? कशाला? हसायला? मी नाही देणार!"

"आणि मीही नाही देणार! काढणाऱ्याचं चित्र असतं. या बाईंनीच सांगितलंय!"

पुन्हाबाई पहिल्यांदाच हसल्या असं मला वाटलं, पण त्यांनी लगेच तोंडावर रुमाल धरला.

मागे इतर पालक जमले होते. कुणाच्या तरी लक्षात आलं की हा प्रश्न भिंतीवरच्या प्रत्येक चित्राला लागू होतो. आजी काठी आपटून म्हणाली, "माझ्या नातवाचं तोंड परक्याच्या घरी जाऊ देणार नाही." समोरची बाई म्हणाली, "मग माझ्या मुलाने काढलंय त्याचं काय?" परवा ज्या चेहऱ्यांना कुणी हात लावायला तयार नव्हतं, त्यांच्यावर आता दोन-दोन घरं हक्क सांगत होती, आणि एकही घर मागे सरायला तयार नव्हतं. परवाइतकाच आरडाओरडा, परवासारखेच टोमणे. फक्त परवा सगळे "हे आमचं नाही" म्हणत होते.

मोठ्या बाईंना दमा होता. त्यांनी टाळ्या वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि धापा टाकत म्हणाल्या, "चित्र कुणाचं ते ठरेपर्यंत कुणीही, म्हणजे कुणीही, चित्राला हात लावायचा नाही. सगळं जैसे थे."

"बाईंसकट?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"कुणाचं चित्र कुणी काढलं हे उद्या विचारायची वेळ आली, तर सांगायला त्या नकोत का? पट्ट्या तर निम्म्या फाटल्यात."

मोठ्या बाईंनी पुन्हाबाईंकडे बघितलं. पुन्हाबाई व्हरांड्याच्या छताकडे बघत होत्या. "बाईंसकट," मोठ्या बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी तोंड उघडलं, पण मुलीने त्यांचा हात धरलेला होता आणि त्यांना चित्रही हवं होतं. त्यांनी तोंड मिटलं. टायरवाल्याने कागद पुन्हा भिंतीला लावला, टाचण्या दाबल्या, आणि वाकडा तर नाही ना, म्हणून दोन पावलं मागे सरून बघितलं.

पुढच्या बैठकीत तो विषय निघाला आणि सुटला नाही. त्याच्या पुढच्या बैठकीतही नाही. दोन्ही मुली चौथी होऊन मोठ्या शाळेत गेल्या. तिथे त्या मैत्रिणी झाल्या असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं काही माझ्या कानावर आलं नाही. पुन्हाबाईंची नेमणूक दर वर्षी जैसे थे होत राहिली आणि दर वर्षी चौथीचा वर्ग कानापासून सुरुवात करत राहिला. पट्टीवर आता त्या दोन नावं लिहीत आणि कुठलं कुणाचं ते विचारणाऱ्याला म्हणत, "पुन्हा बघा."

सासूबाईंना मी ही सगळी हकिगत सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे हिला ठेवलं ते भांडणामुळे. मी सांगतच होते, हिला दुसरं येतं काय?"

डॉक्टर आणि टायरवाला मात्र येत राहिले. वेगवेगळ्या दिवशी, काही ना काही निमित्त काढून. चित्र जागेवर आहे ना, दुसऱ्याने नेलं नाही ना, एवढंच बघायला. एकदा दोघे एकाच वेळी आले. बराच वेळ चित्रापुढे उभे होते, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून.

"धूळ बसतेय," डॉक्टर म्हणाले. "काच लावायला हवी. मी पाठवतो."

"माझ्या मुलीला तुमची काच नको," टायरवाला म्हणाला. "मी आणतो."

"काढलं कुणी?"

"आहे कोण?"

मोठ्या बाईंनी आपल्या खोलीतून ते ऐकलं आणि उठून दार लावून घेतलं. काच काही लागली नाही. धूळ पुन्हाबाईच पुसत, कोरड्या मऊ फडक्याने, कानापासून सुरू करून.